मोह आला की वाद घालत बसू नका, उठा (वाचकांचे प्रश्न)

सलाम मंडळी! ह्या वेळी बऱ्याच जणांच्या प्रश्नात मोबाईल आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न: सलाम पाळकसाहेब. मी २३ वर्षांचा, पुण्यात रूमवर राहतो. रात्री रील्स बघता बघता नको ते व्हिडिओ बघतो, मग प्रार्थना करायची पण लाज वाटते. आणि नुसता विचार आला तरी ते पाप असतं का?

उत्तर: शेवटचं आधी सांगतो. विचार येणं म्हणजे पाप नाही. येशूलाही रानात मोह घातला गेलाच ना, आणि बायबलमधलं इब्री ४:१५ म्हणतं की तो सगळ्या बाबतीत आपल्यासारखाच पारखला गेला तरी निष्पाप राहिला. आता कुणीतरी लगेच मत्तय ५:२८ काढेल, की नुसतं पाहिलं तरी व्यभिचार. पण तिथं येशू वाईट इच्छेनं बघणाऱ्याबद्दल बोलतोय, चुकून नजर पडली त्याबद्दल नाही. याकोबानं त्याच्या पत्रात क्रमच दिलाय (१:१४-१५): वासना ओढते, मग ती गर्भवती होते, मग पाप जन्मतं. म्हणजे मध्ये वेळ असतो. तुझी सगळी लढाई त्या वेळातली आहे आणि तू ती रात्री बारानंतर, दमलेला, एकटा, अंथरुणात पडून लढतोयस, मग हरणारच की, ह्यात नवल काय! सैतानानं येशूलाही गाठलं ते चाळीस दिवसांच्या उपासानंतर, भूक लागल्यावर.

योसेफाकडे बघ (उत्पत्ती ३९). त्याचा मालक पोटीफर, त्याची बायको रोज मागे लागायची, आणि शेवटी तिनं कपडा धरला तेव्हा हा तिथं उभं राहून तिला समजावत बसला नाही, कपडा तिच्या हातात सोडून सरळ पळाला. प्रेषित पौल पण करिंथच्या मंडळीला जारकर्मापासून पळा म्हणतो, त्याच्याशी कुस्ती खेळा म्हणत नाही. तेव्हा मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, रूम एकच असेल तर पार्टनरच्या उशाशी, आणि सकाळी उठायला साधं गजराचं घड्याळ. शिवाय एका भरवशाच्या माणसाला हे सांग (याकोब ५:१६), एकालाच, ग्रुपवर नको. आणि ज्या रात्री पडशील त्या रात्री पण प्रार्थना कर, लाज जायची वाट बघशील तर प्रार्थनाच बंद पडेल.

प्रश्न: सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. टेबलावर पाकीट येतं, सगळेच घेतात, नाही म्हटलं की हसतात. मी त्यातला दशांश (दहावा हिस्सा देवाला) न चुकता देतो. मग चालेल ना?

उत्तर: नाही दादा, नाही चालणार. वेश्येची कमाई नवस फेडायला परमेश्वराच्या घरात आणू नका असं अनुवाद २३:१८ मध्ये आहे, लाचेला वेगळा नियम कसा लागेल? आणि निर्गम २३:८ तर सरळच म्हणतं, लाच डोळसालाही आंधळं करते. सातबाऱ्यासाठी चारदा खेटे घालणारी म्हातारी तुम्हाला दिसेनाशी झालीय का, एवढं मनाला विचारा. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले तेव्हा त्यानं नोकरी सोडा नाही सांगितलं, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणाला (लूक ३:१३). माझा अंदाज, घरचे हप्ते त्या वरच्या पैशांवर बसवलेत. तर आधी बायकोबरोबर बसून निव्वळ पगारात काय भागतं त्याचा हिशोब करा, नाहीतर सोमवारी केलेला निश्चय हप्त्याच्या तारखेला मोडतो. त्रास होईल, बदली पण होईल. योसेफ पळाला तेव्हा बक्षीस नाही मिळालं, तुरुंग मिळाला, हे आपण संडे स्कूलमध्ये जरा घाईनंच सांगतो.

प्रश्न: आमच्या महिला मंडळात प्रार्थनेच्या विनंत्या सांगताना दुसऱ्याच्या घरातलं सगळं बाहेर निघतं. मलाही ऐकायला मजा येते, खरं सांगते.

उत्तर: ताई, "तिच्यासाठी प्रार्थना करा गं, तिचा नवरा हल्ली..." हे वाक्य मी पण खूप ऐकलंय. ती बाई समोर असती तर बोललो असतो का, एवढंच बघा. नसतो, तर तिथंच म्हणायचं, चला, प्रार्थनेला सुरुवात करू. निम्म्या गप्पा तिथंच थांबतात.

प्रश्न: दारू सोडलीय, पण हळदीला, लग्नाला गेलो की मित्र आग्रह करतात. प्रभूवर विश्वास आहे, मग भीती कशाला, असं पण वाटतं.

उत्तर: भीती असलेली बरी. १ करिंथ १०:१३ मध्ये परीक्षेबरोबर देव निभावण्याचा उपायही करतो असं लिहिलंय, पण त्याच्या आधीच्याच ओळीत आहे की आपण उभे आहोत असं ज्याला वाटतं त्यानं पडू नये म्हणून सांभाळावं. हळदीला जाऊच नका, लग्न लागलं की जेवून निघा, गाडीची चावी बायकोकडे द्या. आणि व्यसन हा आजारही आहे, मदत घेतली म्हणजे विश्वास कमी पडला असं नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ह्या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मराठीत मीटिंगा होतात, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. अजून रोज पिणारे कुणी हे वाचत असतील तर एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटा, अचानक थांबवल्यानं फिट येऊ शकते.

प्रश्न: लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत) इन्स्टाग्राम बंद करू का?

उत्तर: करा, पण त्या तासाभरात काय करणार ते आधी ठरवा. लूक ११ मधलं झाडून स्वच्छ केलेलं रिकामं घर आठवतंय ना, तिथं निघून गेलेला अशुद्ध आत्मा परत येताना आणखी सात घेऊन येतो. इन्स्टा गेलं आणि यूट्यूब शॉर्ट्स आले, असं व्हायला नको. त्यापेक्षा आजारी माणसाकडे जा, आईला फोन करा.