वाचकांचे प्रश्न : आण्णांना कसे पटवावे?

प्रश्न : आमचे गाव शिराळा तालुक्यात आहे. माझे थोरले चुलते, ज्यांना सारे गाव आण्णा म्हणते, सत्तरी ओलांडलेले असून भावकीत त्यांच्या शब्दाला मान आहे. कोणाला पान लागले, म्हणजे साप चावला, की त्याला आधी मारुतीच्या देवळात न्यायचे, कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा आणि मंत्राने विष उतरवणारा देवर्षी सांगेपर्यंत तेथून हलवायचे नाही, हा त्यांचा दंडक आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतणीच्या बाबतीत यात दोन तास गेले. सुदैवाने ती वाचली आणि आण्णांचा विश्वास आणखी पक्का झाला. मी विज्ञानाचा शिक्षक आहे. पुस्तके दाखवली, चारचौघांत वाद घातला, शेवटी जादूटोणाविरोधी कायद्याची भीतीही घातली. आता आमचे बोलणे बंद आहे. अशा हट्टी माणसाला समजावण्याचा काही मार्ग आहे का?
— एक वाचक, शिराळा तालुका

उत्तर : ‘सुदैवाने ती वाचली’ असे तुम्ही लिहिता, आण्णांच्या लेखी मात्र ते सुदैव नाही, डोळ्यांनी पाहिलेला अनुभव आहे, आणि तुमच्या साऱ्या वादाची गाठ येथेच बसलेली आहे. देवळातून उठून घरी गेलेली माणसे त्यांनी आयुष्यभर पाहिली आहेत आणि ती खरोखरच उठून गेली आहेत. आपल्याकडच्या उसात, बांधाला आणि ओढ्याकाठी आढळणारे धामण, दिवड, तस्कर, कवड्या हे सारे बिनविषारी साप आहेत, आणि विषारी सापही कधीकधी चावतो पण विष सोडत नाही. म्हणजे पाला चावला काय आणि न चावला काय, यांतली पुष्कळ माणसे वाचणारच होती. जो दगावला त्याच्याविषयी ‘उशिरा आणला’ किंवा ‘पथ्य मोडले’ असे म्हटले जाते आणि ते अपयश देवर्षीच्या खात्यावर कधी चढतच नाही. आण्णांची समजूत चुकीची आहे, परंतु ती अर्धवट मांडलेल्या हिशेबातून आलेली आहे, मूर्खपणातून नव्हे. तुम्ही भावकीसमोर पुस्तक उघडता तेव्हा त्यांच्या पन्नास वर्षांच्या पाहण्याला खोटे ठरवता, आणि मग मनातून पटले तरी त्यांना मान डोलवता येत नाही.

म्हणून त्यांच्याच अनुभवापासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. अमक्याला पान लागले तेव्हा जनावर कोणी पाहिले होते, पट्टे मानेपासूनच होते की शेपटीकडे दाट होत गेले होते, दुखले किती, सूज आली का, हे त्यांना विचारा. उत्तर ऐकण्याची खरी इच्छा असेल तरच विचारा, कारण खोटी जिज्ञासा म्हाताऱ्या माणसांना लगेच कळते. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे पांढरे, बहुधा जोडीने असलेले पट्टे मानेच्या बरेच मागे सुरू होऊन शेपटीपर्यंत ठळक राहतात. घाईत आणि अंधारात या दोघांची गल्लत सहज होते, आणि कवड्या चावलेला माणूस बरा झाला की मण्यारीचे विष उतरवल्याचा बोलबाला होतो. खरी मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. सूज नाही, फारशी वेदना नाही. पाला कडूच लागतो, माणूस बोलतो, चालतो, आणि काही तासांनी पोटात कळा येऊन पापण्या मिटू लागतात, घसा धरतो, श्वास मंदावतो. पाला कडू लागला म्हणजे विष चढले नाही, ही परीक्षा नेमकी याच तासांत फसवते. आण्णा शेतकरी आहेत. हा दोन सापांमधला फरक ते तुमच्यापेक्षा लवकर ओळखतील.

आकड्यांवर फार भिस्त ठेवू नका, हे शिक्षकाला सांगताना मला जड जाते. 1847 साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टरांनी क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती केली, तेव्हा एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाळंतिणी दगावत होत्या, त्या काही महिन्यांतच दोनांच्या आसपास आल्या. इतका स्वच्छ पुरावा असूनही बहुतेक सहकाऱ्यांनी तो मानला नाही, कारण तो मानणे म्हणजे आजवरचे मृत्यू आपल्याच हातांनी झाले हे कबूल करणे होते. पुढे सेमेलवाइस यांनी विरोधकांना उघड पत्रांतून खुनी म्हटले. त्यांचे म्हणणे बरोबर असूनही त्याने दारे अधिकच बंद झाली. आण्णांपुढेही हीच अडचण असणार. देऊळ चुकीचे ठरले तर पूर्वी त्यांनी थांबवून ठेवलेल्या आणि नंतर गेलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न त्यांना छळेल, आणि म्हणून तो त्यांना कधीही उघडपणे विचारू नका.

माझे मामा वाळवा तालुक्यातले. पारावर सगळ्यांसमोर मी त्यांच्याशी याच विषयावर भांडलो आणि दोन वर्षे त्यांच्या घरी माझे जाणे तुटले. पुढे शेजारच्या एका माणसाला घोणस चावली, तेव्हा मामा त्याच्यासोबत सरकारी रुग्णालयात होते. डॉक्टरांनी थोडे रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे स्थिर ठेवले आणि नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखे वाहिले, विषामुळे ते गोठलेच नव्हते. प्रतिविष दिल्यावर सहा तासांनी तीच चाचणी पुन्हा केली, तेव्हा नळी उलटी धरली तरी गुठळी जागची हलली नाही. मामा त्यावर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, मीही विचारले नाही. पुढच्या खेपेला वस्तीवर कोणाला पान लागले तेव्हा ‘गाडी काढा’ हे पहिले शब्द त्यांचेच होते.

कायद्याबद्दल थोडे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी अनेक वर्षे झगडा दिला, तो कायदा त्यांच्या हत्येनंतर 2013 मध्ये झाला. साप चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यात गुन्हा आहे. तो देवर्षीला ठाऊक असायलाच हवा. चुलत्यांना धमकावण्यासाठी मात्र तो वापरू नये.

आणि ज्या रात्री प्रसंग ओढवेल त्या रात्री वाद अजिबात घालू नका. तो आताच, उन्हाळ्यात मिटवायचा आहे. आण्णांकडून एवढेच मागा, की गाडी आधी निघेल आणि देवळात नारळ मागाहून फुटेल. मंत्र म्हणायचा असेल तर देवर्षी गाडीत बसून म्हणो. आवळून दोरी बांधायची नाही, जखम कापायची नाही, चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि 108 ला फोन करायचा, हे घरातल्या बायकांना आणि पोरांनाही सांगून ठेवा, कारण रात्री आण्णांआधी त्याच जाग्या असतील. आण्णा कबूल झाले नाहीत तरीही गाडी थांबवू नका. पण आधी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा, बोलणे सुरू करा, आणि पुतणीला चावलेले जनावर नेमके कोणी पाहिले होते, ते विचारा.