पुस्तकातली कल्पना बजेटच्या बैठकीत आणताना

फायनान्सची जबाबदारी नव्याने घेतली असेल, तर व्यवसायावर लिहिणाऱ्यांच्या मुलाखती ऐकताना एकच गोष्ट टिपा: पुढच्याच बैठकीत करून पाहता येईल अशी कृती.

माझ्या मते सुरुवात मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांच्या ‘प्रीमॉर्टेम’ने करावी. मोठ्या खर्चाला मंजुरी देण्याआधी सहा-आठ जणांना बसवा. सांगा, ‘वर्ष उलटलंय, प्रकल्प फसलाय. का फसला ते लिहा.’ दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग प्रत्येकाने एकेक कारण वाचायचं आणि तुम्ही सगळ्यात शेवटी. साहेब आधी बोलले की बाकीचे त्यांचीच री ओढतात, आणि वसुलीवाल्याला ठाऊक असलेली खरी अडचण कागदावर येतच नाही. मंजुरीनंतर हे करू नका. तेव्हा जो तो निर्णयाची पाठराखण करतो.

निघालेली कारणं मॉडेलमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या जमाखर्चाच्या अंदाजपत्रकात, घाला, हे बहुतेक जण विसरतात. ‘ग्राहक पैसे उशिरा देतील’ असं आलं, तर येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) ४५ऐवजी ७५ दिवसांची धरा आणि कोणत्या महिन्यात रोकड आटते ते बघा. त्या आकड्यावर लक्ष ठेवणाऱ्याचं नावही तिथेच लिहा.

मुदतीचा अंदाज मात्र चर्चेतून काढू नका. मानसशास्त्रज्ञ कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९मध्येच मांडलं की, माणसं आपल्या कामाला लागणारा वेळ कमी धरतात. मागच्या पाच प्रकल्पांचा ठरलेला आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ काढा. सरासरी १.४ पट निघाली, तर १२ महिन्यांच्या जागी १७ धरा.