फॅशन डिझाइन शिकताना आठवडा कसा जातो? चित्रकला चांगली नसेल तर चालतं का?

तुम्ही विचारलंय की बारावीनंतर फॅशन डिझाइनला जायचं आहे, पॅटर्न कटिंग आणि टेक्सटाइल डिझाइन या विषयांत आठवडाभर नेमकं काय करून घेतात, आणि चित्र फारसं जमत नसेल तर निभाव लागेल का. मी पुण्यात दुसऱ्या वर्षाला आहे. मागचाच आठवडा सांगते.

आधी चित्राचं. निभाव लागतो. अख्ख्या आठवड्यात मी मॉडेलचं स्केच म्हणावं असं एकच काढलं. बाकीचा वेळ टेप, पेन्सिल, ब्राऊन पेपर, इस्त्री आणि उसवणं यात गेला. मापांचा हिशेब मात्र पक्का हवा. 34 छातीचा चौथा भाग साडेआठ, त्यात लूझिंग, म्हणजे सैलपणासाठी सोडलेली जागा, किती, शिलाईची मार्जिन किती, हे कागदावर रेघ ओढायच्या आधी डोक्यात असावं लागतं.

सोमवार-मंगळवार पॅटर्नचे होते. आमच्याकडे आधी बेसिक ब्लॉक काढतात, म्हणजे अंगाबरोबर बसणाऱ्या चोळीचा साधा नमुना, कुठलीही फॅशन नसलेला. मग त्यातला टक, म्हणजे कापड अंगाच्या गोलाव्यावर बसावं म्हणून घातलेली निमुळती चिमटी, हलवायचा. छातीच्या उंचवट्यावर एक बिंदू धरतात. कमरेतून त्या बिंदूकडे जाणारा टक चिकटपट्टीने बंद करायचा आणि त्याआधी खांद्यापासून त्याच बिंदूपर्यंत कागद कापून ठेवायचा. कमरेचा टक मिटला की खांद्याची चीर आपोआप उघडते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा कागद हातात फाकताना बघून थांबलेच. नंतर मोजलं तर खांद्याच्या टकाचं तोंड कमरेच्या टकाएवढं नव्हतं. चूक झाली असं वाटलं, पण चूक नव्हती. कोन तोच राहतो, कड बिंदूपासून जितकी लांब तितकं तोंड रुंद. दहावीची भूमिती इथे कामाला येते. खांद्याचा आणि कमरेचा टक एका रेषेत जोडून तिथे कापड दोन तुकड्यांत कापलं की प्रिन्सेस कट तयार होतो. दुकानात पाटीवर वाचलेला शब्द असा आतून कळला की फार बरं वाटतं.

कागद झाला की मांजरपाटावर कच्चा नमुना शिवायचा. मांजरपाट आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचा, नाहीतर तो नंतर आटतो आणि मापं खोटी ठरतात. माझी बाही इथेच बिघडली. बाहीचा पुढचा गोलावा मागच्यापेक्षा खोल असतो, म्हणून पुढच्या बाजूला एक खाच आणि मागे दोन खाचा मारतात. मी खाचा कागदावर मारल्या, कापडावर उतरवल्या नाहीत. उजवी बाही डाव्या मुंढ्याला बसली. डमीवर चढवलं तेव्हा दोन्ही बाह्यांना तिरप्या सुरकुत्या, जणू कुणी खांदे मागे ओढलेत. रात्री बसून सगळी टीप उसवली. तेव्हापासून खाचा मारल्याशिवाय मी कापडावरून कागद उचलत नाही.

बुधवारी थिअरी होती, ती सोडते.

गुरुवार-शुक्रवारी टेक्सटाइलमध्ये ठसेकाम होतं. सुती कापड आधी खळ काढून स्वच्छ धुतलं, मग हिरड्याच्या पाण्यात बुडवलं. आपल्या सह्याद्रीतला तोच हिरडा. कापड फिकट पिवळसर झालं. लाल हवा तिथे तुरटी आणि डिंकाच्या खळीचा ठसा, काळा हवा तिथे लोखंडाच्या पाण्याचा. हे पाणी गंजकं लोखंड आणि गूळ बरेच दिवस मुरवून करतात. लोखंडाचा ठसा हिरड्यावर टेकताच काळा पडतो. तुरटीचा ठसा मात्र जवळजवळ दिसतच नाही, कुठे मारला ते कळावं म्हणून खळीत थोडा गेरू घालतात. कापड वाळवून धुतलं, मग मंजिष्ठेच्या, म्हणजे लाल रंग देणाऱ्या मुळांच्या, उकळत्या पातेल्यात सोडलं. काठीने हलवता हलवता, गेरू धुऊन गेलेल्या रिकाम्या जागी एकेक लाल फूल उमटायला लागलं. रंग पाण्यात सगळीकडे असतो, पण कापड तो तुरटी लागली असेल तिथेच नीट धरतं. कापडाची बाकीची मोकळी जागा फार डागाळू नये म्हणून पातेल्यात धायटीची फुलं टाकतात. कच्छच्या अजरख या ठसेकामामागेही हीच जोडी आहे, हिरडा आणि तुरटी.

ठशाच्या आधी कागदावर रिपीट, म्हणजे सलग पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा चौकोन, बसवावं लागतं. चित्र मधोमध कापायचं, डावा तुकडा उजवीकडे न्यायचा आणि मधे उघड्या पडलेल्या जागेत नक्षी भरायची. मग तोच चौकोन शेजारी शेजारी लावून भिंतीवर टांगायचा आणि दहा फूट लांब जाऊन बघायचं. जवळून सुंदर वाटणाऱ्या नक्षीत लांबून रिकामे पट्टे दिसतात. माझ्यात दोन दिसले.

हे दोन वेगळे विषय नाहीत, हे शनिवारी लख्ख कळलं. स्वतः छापलेल्या कापडावर स्वतःचा पॅटर्न ठेवला आणि फूल नेमकं बाजूच्या शिवणीत अर्धं कापलं गेलं. फुलं सगळी एकाच दिशेला तोंड करून, म्हणजे कागद उलटा फिरवून कापड वाचवायची सोय नाही. ठसा ठरवतानाच मला पॅटर्न आठवायला हवा होता.

घरी इचलकरंजीला आत्याला फोनवर हे सांगितलं. ती तीस वर्षं ब्लाउज शिवते, कागद न वापरता थेट कापडावर खडू चालवते. ती म्हणाली, "अगं, पैठणीचा काठ बाहीला लावताना आम्ही काय करतो?" मी विचार केला आणि गप्प झाले. आम्हाला शिकवतात की बाहीची लांबी उभ्या धाग्यात ठेवा, कारण मागावर ताणून बसवलेला तो धागा कमी ओढला जातो. पण साडीचा काठ उभ्या धाग्याच्या दिशेनेच विणलेला असतो. तो बाहीच्या कडेला आडवा आणायचा तर अख्खी बाही आडव्या धाग्यात कापावी लागते. उभा धागा मग दंडाभोवती फिरतो. म्हणून आत्या काठाच्या बाहीला दंडघेर जरा जास्त सोडते. "काठ तटतो," एवढंच ती म्हणते. नियम का आहे ते माहीत असलेल्या माणसालाच तो कधी मोडायचा हे कळतं, आणि मला ते वर्गातल्यापेक्षा तिच्याकडून जास्त स्वच्छ कळलं.

प्रवेशाला अजून वेळ असेल तर आत्ताच एक काम करा. घरातला जुना, अंगाला नीट बसणारा ब्लाउज किंवा शर्ट मागून घ्या आणि ब्लेडने नाही, उसवणीने एकेक टीप काढा. तुकडे इस्त्री करून ब्राऊन पेपरवर गिरवा. प्रत्येक तुकड्यावर उभा धागा कुठल्या दिशेला आहे ते बाणाने दाखवा आणि पुढच्या-मागच्या मुंढ्याचे गोलावे एकावर एक ठेवून बघा. मग तेच तुकडे परत जोडा.