दुधाचा सुळा पडत नाही? आधी एक्स-रे काढा

तुम्ही लिहिलंय, मुलगी साडेदहाची, वरचा उजवा सुळा आलाय, डावा दुधाचाच घट्ट बसलाय आणि डेंटिस्ट म्हणतात ‘पडेल आपोआप’. तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. हेच वाक्य मी दोन वर्षं ऐकलंय.

ब्रश-बिश सोडा, ते तुम्हाला माहीतच असणार. वरचा कायमचा सुळा ११-१२व्या वर्षी दिसतो, पण नवव्या-दहाव्या वर्षीच दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या आतून हिरडीवर बोट फिरवलं की फुगवटा लागायला हवा. एकीकडे लागतो आणि दुसरीकडे नाही, तर थांबायचं नाही.

आम्ही भांडुपला घराजवळच्या क्लिनिकमध्ये (नाव घेत नाही) दर सहा महिन्यांनी जायचो. आरसा फिरवायचे, ‘मुलांचं उशिराच असतं हो ताई’, की झाली फी. एक्स-रे एकदाही नाही. मीही मागितला नाही, हे जास्त सलतं. लेकाला तेरा पूर्ण झाल्यावर दुसरीकडे ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढला. सुळा टाळूकडे आडवा, टोक शेजारच्या दाताच्या मुळावर टेकलेलं, आणि ते मूळ कुरतडल्यासारखं आखूड. मग टाळूची हिरडी उघडून सुळ्याला बारीक साखळी चिकटवली, तारेला बांधून हळूहळू खाली ओढला. अडीच वर्षं लागली. सुळा आला, पण झिजलेलं मूळ काही परत वाढत नाही.

वेळेत कळलं तर पुष्कळदा नुसता दुधाचा सुळा काढून भागतं. स्वीडनच्या एरिकसन आणि कुरोल या दंतसंशोधकांनी १९८८ मध्येच दाखवलंय, टाळूकडे वळलेल्या ४६ सुळ्यांपैकी ३६ त्यानंतर वाटेवर आले. १९८८! मी तेव्हा चौथीत होते हो.

मी डॉक्टर नाही. तुमच्या मुलीचं नुसतं उशिराचंही असेल. पण बघायला ऑर्थोडॉन्टिस्टच (वेडेवाकडे दात सरळ करणारा डॉक्टर) हवा, आणि दुधाचा दातही त्यांनी बघितल्यावरच काढा, घाईने नको. खर्चाची काळजी असेल तर सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल बघा. खासगीपेक्षा बरंच स्वस्त, फक्त सकाळी लवकर केसपेपर काढा आणि शाळा बुडणार हे धरून चाला.

आणि ओपीजीची फाइल मोबाइलवर मागून घ्या. आमची फिल्म कपाटात पावसाळ्याच्या ओलीने पाकिटाला चिकटली, दुसऱ्यांदा काढावी लागली.