भावाला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) आहे, स्टेम सेल ट्रान्सप्लांटचा खर्च मेडिक्लेम देईल का?

बहुतेक नाही देणार, निदान त्या भरवशावर ॲडमिशनची तारीख घेऊ नका. कारण २०१९ च्या आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरची नियामक संस्था) नियमात स्टेम सेल कव्हर करायला सांगितलं होतं ते फक्त रक्ताच्या आजारांसाठी होणाऱ्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटपुरतं, आणि एमएस पडतो मेंदू-मज्जारज्जूचा आजार, तिथेच क्लेम अडकतो (मी क्लेमच्याच कामात होतो, हा मुद्दा नेहमी येतो). तरी प्री-ऑथ (उपचाराआधी मंजुरीचा अर्ज) टाकाच, नकार आला तर लेखी कारण मागा, मग विमा लोकपालाकडे जाता येतं. बाकी पैशासाठी:

- मुख्यमंत्री सहायता निधी, यादीत बोन मॅरो ट्रान्सप्लांट आहे, पण उत्पन्नाची अट आहे
- धर्मादाय हॉस्पिटल, १० टक्के बेड निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, उत्पन्नाचा दाखला लागतो, हॉस्पिटलच्या समाजसेवकाला आधीच भेटा

एस्टिमेट घेताना ट्रान्सप्लांटआधीची केमो, आयसोलेशन रूम, नंतरची इन्फेक्शनची औषधं सगळं धरून घ्या, पॅकेजबाहेरच जास्त जातं. आणि एक, ट्रान्सप्लांट सगळ्या एमएसला लागू नाही. २०१९ च्या ११० पेशंटच्या ट्रायलमध्ये ट्रान्सप्लांटवाल्यांपैकी ३ जणांचा आजार वाढला, औषधांवरच्यांपैकी ३४ जणांचा, पण ते सगळे रिलॅप्सिंगवाले (मधून मधून अटॅक येणारा प्रकार) होते, वर्षानुवर्षं हळूहळू वाढणाऱ्या प्रकारात एवढा फायदा दिसत नाही, त्यामुळे आधी न्यूरोलॉजिस्टला प्रकार विचारा. केमो न देता नुसतं मणक्यात स्टेम सेलचं इंजेक्शन देतो म्हणणाऱ्या क्लिनिकला एक रुपया देऊ नका, ते वेगळंच प्रकरण आहे आणि आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) गाइडलाइननुसार ट्रायलबाहेर त्याला परवानगीच नाही.