लिलावात काकांनी घेतलेली जमीन नेमकी कुणाची?

प्रश्न : आजोबांनी विहीर-पाइपलाइनसाठी बँकेचं कर्ज काढलेलं, ते थकलं आणि 1996 ला कोर्टातनं जमिनीचा लिलाव झाला. बोली थोरल्या काकांनी लावली, कागद त्यांच्याच नावावर. पण पैसे तंबाखूचे आणि आजीच्या दागिन्यांचे होते असं बाबा सांगतात, नंतरही दोघं भाऊ मिळूनच कसत होते. गेल्या वर्षी काका वारले, मृत्युपत्र नाही. आता चुलतभाऊ म्हणतात तुमचा काय संबंध. आत्यापण वाटा मागतेय. आजी आहे अजून. काय करावं?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : पहिलं कडू तेच सांगतो. कोर्टाने लिलाव कायम केला की 'आजोबांची जमीन' हा मुद्दा संपतो, काकांनी स्वतःच्या कमाईतनं घेतली असेल तर ती त्यांचीच. पण एकत्र घराच्या पैशातनं घेतली असेल तर नाव कुणाचंही असू दे, जमीन सगळ्यांची. पहाणीवर (कर्नाटकातला सातबाऱ्यासारखा उतारा) काकांचं नाव आहे म्हणून खचू नका, पहाणीनं मालकी ठरत नाही.

म्हणजे सगळं अडलंय पैशावर. कोर्ट लिलावात 25 टक्के तिथंच भरावे लागतात आणि बाकीचे 15 दिवसांत, मग ते पैसे आले कुठनं? तंबाखूच्या पट्ट्या (व्यापाऱ्याने दिलेले विक्रीचे हिशोब), दागिने विकल्याची किंवा गहाण ठेवल्याची पावती, जुनं पासबुक, जे मिळेल ते शोधा, आणि त्या केसच्या कागदांची कोर्टातनं नक्कल काढा. घराचं तेवढं उत्पन्न होतं हे आधी तुम्हाला दाखवावं लागतं, ते दाखवलंत की मग काकांची वेगळी कमाई सिद्ध करायची जबाबदारी चुलतभावांवर येते.

आत्यांना उडवून लावू नका. जमीन एकत्र ठरली तर 2005 च्या दुरुस्तीनं मुलीचा हक्क मुलाइतकाच, सुप्रीम कोर्टानेही 2020 ला तेच पक्कं केलंय. उलट ती निव्वळ काकांची ठरली तर बाबांना आणि आत्याला काही नाही, पण आजीला मिळतं, कारण मयत मुलाच्या मिळकतीत आई ही बायको-मुलांच्या बरोबरीची वारस असते. हे चुलतभावांना कुणी सांगितलेलं दिसत नाही!

आणि आजीच तुमची सगळ्यात मोठी साक्षीदार, दागिने तिचे होते. वाटणीचा दावा लावायचा तर लांबवू नका, हक्क नाकारल्याचं कळल्यापासून 12 वर्षं मुदत असते खरी, पण आजीचं वय थांबत नाही. दाव्यात तिची साक्ष लवकर घ्या म्हणून अर्ज देता येतो, चालवत नसेल तर कोर्टाने नेमलेला कमिशनर घरी येऊन घेतो. सोबत जमीन विकायला मनाई मागा, आणि नोटीस पाठवायच्या आधी एकदा काकूंशी बोला, त्या वेळचे पैसे त्यांनीही बघितलेत.