वडिलांच्या जुन्या रॉकच्या कॅसेटी टाकून द्याव्यात का?

प्रश्न असा होता: माझं वय २४. वडील ५७ वर्षांचे आहेत आणि अजूनही रविवारी सकाळी १९७०च्या दशकातलं क्लासिक रॉकच लावतात. त्यात एवढं काय आहे? ऐकायचंच झालं तर सुरुवात कुठून करू? आम्ही घर बदलतोय, त्यांच्या पन्नासेक कॅसेटी टाकून दिल्या तर चालेल का?

नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घर बदलताना माणसं कुणाच्या उत्तरासाठी थांबत नाहीत. टेम्पो दारात उभा राहिला की भंगारवाल्याला फोन जातो.

मी तुमच्या वडिलांच्याच वयाचा, एखाद वर्षाने मोठा. माझ्याकडे पन्नास नव्हत्या. एकच होती, आणि तिचं काय झालं ते सांगतो.

१९८६ साली मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होतो. रूम पार्टनर दादरचा. त्याच्या मामाकडे डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या 'मेड इन जपान' या अल्बमची एलपी होती, दोन तबकड्यांची. सुट्टीला निघताना त्याच्या हातात कोरी कॅसेट दिली आणि म्हटलं, भरून आण. सी-९० घ्यायला पैसे पुरले नाहीत म्हणून सी-६० घेतली. अल्बम ७६ मिनिटांचा, कॅसेट ६० मिनिटांची. इंजिनिअरिंगला असून दोघांच्याही हे डोक्यात आलं नाही.

परिणाम असा की पहिल्या बाजूला 'हायवे स्टार', 'चाइल्ड इन टाइम' आणि 'स्मोक ऑन द वॉटर' पूर्ण आली, आणि 'द म्यूल' मात्र इयन पेसचा ड्रम सोलो रंगायच्या आत संपलं. दुसऱ्या बाजूला 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' आणि 'लेझी' पूर्ण. शेवटचं 'स्पेस ट्रकिन' जवळजवळ वीस मिनिटांचं आहे, त्यातलं निम्मंच मावलं. शब्द संपलेत, नुसती वाद्यं चाललीत, आणि टक्. बटण वर. मला वाटायचं गाणं तेवढंच आहे. जपानमध्ये लाइट गेले असतील असंही आम्ही एकमेकांना सांगायचो.

पुढची चौदा वर्षं मी ते गाणं त्या 'टक्'पर्यंतच ऐकलं. २००० साली पुण्यात सीडी घेतली तेव्हा कळलं की पुढे अजून दहा मिनिटं आहेत. तुम्हाला वाटेल केवढा आनंद झाला असेल. अजिबात नाही. पुढचं सगळं कुणीतरी नंतर जोडल्यासारखं वाटलं. आजही त्या जागेपाशी आलो की कान बटणाकडे लागतात.

पण मूळ कॅसेटचा पत्ता तोवर कटला होता. ते काम आमच्या दादाचं.

दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. साखर कारखान्यात नोकरी, गावात मान, घरात शब्द. आमचं गाव तासगावजवळ. नोकरीला पिंपरीला गेलो तेव्हा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेला, घरीच ठेवला, कारण तो घेतला होता दादाने. कॅसेटही तिथेच राहिली. ती पुसली जाऊ नये म्हणून पाठीवरच्या दोन्ही छोट्या पट्ट्या मी स्क्रू ड्रायव्हरने मोडून टाकल्या होत्या. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. तुमच्या वडिलांना विचारा, त्यांनीही मोडल्या असतील.

१९८९च्या मे महिन्यात चुलत बहिणीचं लग्न होतं. हळद दळायला जातं मांडलं, बायका जमल्या, आणि आजी ओव्या म्हणायला बसली. आजीचं वय तेव्हा ऐंशीच्या आसपास. दादाला अचानक सुचलं की हिचा आवाज भरून ठेवावा. सुचलं ते उत्तमच. पण मग त्याने काय करावं? माझी कॅसेट काढली, मोडलेल्या पट्टीच्या खाचेवर बँडेजची चिकटपट्टी लावली, दुसरी बाजू लावली आणि लाल बटण दाबलं.

मी लग्नाच्या आदल्या रात्री पोचलो. जेवणं झाल्यावर हौसेने कॅसेट लावली. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'च्या जागी जात्याची घरघर, बांगड्या, मागे कुणाचं तरी पोर रडतंय, आणि वरून आजीचा बारीक, किंचित कापरा, पण सुराला पक्का आवाज. बावीस मिनिटं. अधूनमधून थांबून ती जात्यात हळकुंड टाकते, ते पडल्याचा आवाजही येतो. शेवटी दम लागतो. मग ती विचारते, "झालं न्हवं? आता ते मगाचं भांडण लागतंय व्हय?"

जागा शोधताना दादाने थोडं वाजवलं असणार, ते तिच्या कानावर पडलं होतं.

आणि टक् होऊन ते भांडण लागतंच. 'स्पेस ट्रकिन'च्या मधोमध, बँडचा गायक गिलन पूर्ण आवाजात. सगळं घर हसलं. मी सोडून.

त्या रात्री दादाशी जो वाद सुरू झाला तो आजतागायत चालू आहे. त्याचं म्हणणं: आजी थांबली असती का? ती लहर होती, गेली असती. मग आयुष्यभर तो गोंगाट घेऊन बसला असतास. माझं म्हणणं मी इथे एकदाच नीट मांडतो, कारण घरात मला वाक्य पुरं करू देत नाहीत. एक, घरात आणखी तीन कॅसेटी होत्या. दोन सिनेमाच्या गाण्यांच्या, एक त्याच्या लाडक्या तमाशाच्या वगाची. त्यातली एकही त्याने घेतली नाही. दोन, कोरी कॅसेट वीस-बावीस रुपयांना तासगावात मिळत होती, सायकलवर अर्धा तास. आणि तीन, ज्याला आजपर्यंत त्याच्याकडे उत्तर नाही: आजी थांबणार नव्हती, तर चिकटपट्टी शोधायला वेळ कुठून मिळाला? आमच्या घरात बँडेजची पेटी कधीच जागेवर नसायची. ती सापडून, पट्टी कापून, खाचेवर नीट बसेपर्यंत जर आजी थांबली, तर ती थांबणारी होती.

असो. तुम्ही विचारलं होतं की त्यात एवढं काय आहे.

योगायोग असा की याचं सगळ्यात सोपं उत्तर नेमक्या पुसल्या गेलेल्या गाण्यातच होतं. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'च्या उत्तरार्धात रिची ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा वाजवतो, इयन गिलन तोच गळ्याने काढून दाखवतो. मग जास्त अवघड तुकडा, मग त्याहून अवघड. आमच्याकडे याला सवाल-जवाब म्हणतात आणि दादा ते ऐकायला रात्र-रात्र जत्रेत बसायचा. ते त्याला ऐकवून दाखवणार होतो. त्याआधीच त्याने पुसलं.

शिवाय हे सगळं लोकांसमोर वाजवलेलं आहे. १९७२ सालच्या १५, १६ आणि १७ ऑगस्टच्या तीन मैफिली, पहिल्या दोन ओसाकात, तिसरी टोकियोच्या बुदोकानमध्ये. 'लेझी' आणि 'द म्यूल' टोकियोची, बाकी ओसाकाची. नंतर स्टुडिओत बसून डागडुजी केलेली नाही. जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गन वाजवायचा, चर्चमधला वाटावा असा, पण तो गिटारच्या मार्शल ॲम्प्लिफायरमधून काढायचा. त्यामुळे पेटीने गिटारच्या अंगावर धावून जावं तसं होतं. दोन गाण्यांच्या मधे गिलन गमतीत म्हणतो की सगळ्यांचाच आवाज सगळ्यांपेक्षा मोठा ठेवा. आजीने 'भांडण' म्हटलं ते काही चुकीचं नव्हतं. तिच्याइतकं नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

दादाचं दुसरं पालुपद म्हणजे हे परक्यांचं, आपल्याला काय त्याचं. त्यावर मी त्याला सांगितलं की 'चाइल्ड इन टाइम'च्या सुरुवातीची ऑर्गनची धून या लोकांनी 'इट्स अ ब्यूटिफुल डे' नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडकडून उचलली. १९६९ सालची त्यांची ती धून व्हायोलिनवर आहे आणि तिचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'. दादा म्हणाला, "मग मुंबईला जा आणि ऐक." लेड झेपलिन या बँडचे गिटारवादक पेज आणि गायक प्लांट १९७२ साली मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून गेले, हेही सांगितलं. ते २०१५ साली बाहेर आलं, ऐकायला मिळतं. त्याला फरक पडला नाही. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत होता, हे मात्र मी सांगत नाही. क्वीनचं नाव निघालं की कुणीतरी पाचगणी काढतंच, आणि काढणाऱ्याने बहुतेक दोनच गाणी ऐकलेली असतात.

सुरुवात कुठून करायची? 'मेड इन जपान'पासून. तुमच्याकडे वेळेची कापाकापी नाही, तेव्हा पूर्ण ऐका. लेड झेपलिनचा १९७१चा चौथा अल्बम, जेथ्रो टलचा त्याच वर्षीचा 'ॲक्वालंग', पिंक फ्लॉइडचा १९७३चा 'डार्क साइड ऑफ द मून', हे त्यानंतर. शेवटचा एका बैठकीत, मधे फोन न बघता. निवडक गाण्यांचे संग्रह अजिबात ऐकू नका, ते म्हणजे पंगतीत नुसते जिलबीचेच ताट. 'हॉटेल कॅलिफोर्निया'ही सध्या राहू द्या. गाणं वाईट नाही, पण आमच्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक जण त्याची फक्त सुरुवात वाजवायचा. गाणं पुढेही आहे हे मला उशिरा कळलं.

वडील नवीन का ऐकत नाहीत, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण सूर तोच आहे. मी नवीनही ऐकतो, मुलगी लावते ते. तुमचे वडील ऐकत नसतील तर तो त्यांचा प्रश्न. पण सत्तावन्नाव्या वर्षी जो माणूस रविवारी सकाळी उठून स्वतः कॅसेट लावतो, त्याच्या कॅसेटी त्याला न विचारता कुणी हलवाव्यात, हा प्रश्न एखाद्या संकेतस्थळावर अनोळखी लोकांना का विचारायचा? शेजारच्या खोलीत विचारा.

आता एक कबुली देतो, नाहीतर वहिनी वाचतील आणि फोन येईल. आजी १९९१ साली गेली. तिचा आवाज त्या बावीस मिनिटांशिवाय कुठेही नाही. 'मेड इन जपान' मला बाजारात कधीही मिळालं असतं, आणि मिळालंच. हे मला कळतं. पण म्हणून चिकटपट्टीचा मुद्दा निकालात निघत नाही.

कॅसेट दादाच्या कपाटात आहे, लग्नाच्या अल्बमशेजारी. २०२० मध्ये सगळे घरात अडकले तेव्हा पुतण्याने कुठून तरी प्लेअर मिळवला, ती संगणकात घेतली आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. सगळे रडले. मीही रडलो, रात्री पुन्हा लावली. आजी विचारते, "आता ते मगाचं भांडण लागतंय व्हय?" आणि पुढे काहीच लागत नाही. शांतता. पुतण्याला फोन केला, तर म्हणाला, "काका, पुढे नुसता नॉइज होता, मी कट केला."

तर तुमच्या पन्नास कॅसेटींचं असं करा. आधी प्रत्येक उघडी धरून टेपवर पांढरी बुरशी दिसते का बघा. दिसली तर ती प्लेअरमध्ये घालू नका, हेडला लागून पुढची कॅसेटही जाईल. मधला फेल्टचा बारका तुकडा निघून पडला असेल तर आवाज दबका येतो, तो दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवता येतो. चांगल्या निघतील त्या एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळून मग वाजवा. वर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. माझ्या कॅसेटवर आजही निळ्या शाईत 'डीप पर्पल' एवढंच लिहिलेलं आहे. आणि संगणकात घेताना गाणं संपलं असं वाटलं तरी हात लावू नका, दोन्ही बाजू बटण आपोआप वर येईपर्यंत चालू द्या.